पाकीटबंद कचरा

आमच्या दुकानात कचरा विकत मिळतो. नवा, कोरा, पाकीटबंद. आइस्क्रीमच्या काड्या, पण त्यांना आइस्क्रीम कधी लागलेलंच नाही. काडेपेटीच्या काड्या, पण बिनगुलाच्या आणि रंगवलेल्या. चहा न पाहिलेले कागदी कप. एकही गाणं नसलेल्या सीडी. इचलकरंजीत शाळेच्या फाटकासमोर माझं स्टेशनरीचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आणि जुलै लागला की या मालाला वह्यांच्या खालोखाल उठाव असतो. कारण ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’. आमच्या वेळी त्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणायचे आणि ते कार्यानुभवाच्या तासाला वर्गातच व्हायचं. आता तो घरून करून आणायचा प्रोजेक्ट झाला आहे. त्याची स्पर्धा असते, तिला नंबर असतात, आणि निरोप बहुतेक वेळा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री येतो, मी शटर ओढायच्या बेतात असताना.

यावर माझा गल्ला भरतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की धंदा होत नाही म्हणून ही बाई कुरकुरते आहे. धंदा झकास होतो. तरीही माझं म्हणणं असं की घरून करून आणायचा हा प्रकार शाळांनी बंद करावा आणि त्याऐवजी खरं भंगार शाळेत आणून मुलांच्या पुढ्यात ओतावं.

गेल्या हंगामात एका वडिलांनी मोबाइलवरची यादी माझ्यासमोर धरली. ग्लिटर फोम शीट चार, काड्यांची पाकिटं तीन, मोत्यांची लड, सोनेरी स्प्रे, ग्लू गन, छोट्या दिव्यांची माळ. बिल पाचशेच्या आसपास गेलं. काय करायचंय म्हणून विचारलं तर यूट्यूबवरचा एक लॅम्प दाखवला. त्या लॅम्पमध्ये वेस्ट म्हणावी अशी एकच वस्तू होती, मधोमध उभी केलेली पाण्याची बाटली. बाकीचा सगळा खर्च ती बाटली बाहेरून दिसू नये यासाठी होता. मुलगी दुसरी-तिसरीतली असेल. ती काउंटरवरच्या खोडरबरांचा वास घेत उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. त्या लॅम्पवर तिचं नाव आणि तुकडी लिहायची होती, तेवढाच तिचा संबंध.

दुसऱ्या टोकाची एक गोष्ट सांगते. कांडी मशीनवर, म्हणजे मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या यंत्रावर, कामाला जाणारी एक बाई आली आणि म्हणाली, ‘‘काकी, रिकाम्या बाटल्या इकत मिळतील का? दोन पायजेत.’’ घरी नाहीत का, विचारलं. होत्या की. पण एकीत गोडं तेल होतं, एकीत फिनेल, एक पोरगा शाळेत पाण्याला न्यायचा. तिच्या घरात टाकाऊ असं काही नव्हतंच. तेलाचा पत्र्याचा डबा वरून कापून, कडा ठोकून, दांडा लावून पाण्याला घेतलेला. जुन्या साड्या गोधडीत. बिस्किटांची प्लास्टिकची बरणी मीठ ठेवायला. शेवटी तिनं शेजारच्या टपरीवरून थंड पेयाच्या दोन भरलेल्या बाटल्या घेतल्या. पोरांनी त्या तिथंच उभ्या उभ्या रिकाम्या केल्या, एवढाच काय तो फायदा. ‘घरातल्या टाकाऊ वस्तू आणा’ हा निरोप ज्या घरात रोज पार्सलांची खोकी येतात त्या घराला सोपा जातो. सगळं पुरवून पुरवून वापरणाऱ्या घराला तो खर्चात घालतो. हे शाळेच्या लक्षातही येत नाही, कारण टेबलावर दोन्ही घरांचे प्रोजेक्ट शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि लॅम्पच्या शेजारी बाटलीची कुंडी गरीब दिसते.

प्रोजेक्ट कोण करतं, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. आई करते. आईला वेळ नसेल तर मावशी, आत्या, क्लासची ताई. त्याच्याही पुढे जाऊन पैसे घेऊन प्रोजेक्ट करून देणारे आता मोठ्या शहरांत आहेत, आमच्याकडेही विचारणा होते. मी नाही म्हणते ते तत्त्वापेक्षा वेळ नसल्यामुळे जास्त. पण आयांना मी दोष देणार नाही. परीक्षकांसमोर नीटनेटकं, चकचकीत आणि सरळ रेषेतलं उभं राहतं. सहा वर्षांच्या हाताला सरळ रेषेत काही कापता येत नाही, येऊही नये. नंबर चकचकीत वस्तूला मिळणार हे एकदा कळलं की आई कात्री हातातून काढून घेणारच. मीही घेतली असती.

आता प्रदर्शन संपल्यावर काय होतं ते बघा. दोन-तीन आठवडे त्या वस्तू वर्गाच्या कपाटावर धूळ खातात, मग एका शनिवारी शिपाई त्या पोत्यात भरून फाटकाबाहेर ठेवतो. आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणारे भंगारवाले मामा एकदा ते पोतं उलगडून बसले होते. त्यांच्या हाताला अंदाज असतो. पुठ्ठा एकीकडे, वह्यांचा पांढरा कागद दुसरीकडे, पाण्याची बाटली वेगळी, तिचं बूच वेगळं, कारण बुचाचं प्लास्टिक बाटलीच्या प्लास्टिकहून निराळं असतं. त्यांनी एक घर उचललं, वाकवून पाहिलं, नखानं खरवडलं. पुठ्ठ्याच्या भिंती, त्यावर फोम, फोमवर ग्लिटर, खिडक्यांना जिलेटिन, कौलांना काड्या, आणि सगळं ग्लू गननं पक्कं केलेलं. ते सुटेना. ‘‘ह्यातलं काय घेऊ वहिनी? ना पुठ्ठा, ना प्लास्टिक,’’ म्हणाले आणि पोतं जिथं होतं तिथं ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी घंटागाडीनं ते नेलं.

त्या घराचा पुठ्ठा मुळात माझ्याच दुकानातल्या खोक्याचा होता. ते खोकं तसंच मामांच्या गाडीवर गेलं असतं तर किलोमागे आठ-दहा रुपये मिळाले असते, वखारीतून ते कागद गिरणीत गेलं असतं, पाण्यात घुसळून त्याचा लगदा झाला असता आणि त्यातून पुन्हा खोक्याचा कागद निघाला असता. गिरणीचा तो लगदा ग्लिटर आणि ग्लू गनचा गोंद सहन करत नाही. हा गोंद पाण्यात विरघळत नाही, त्याचे चिकट गोळे चाळण्यांवर बसतात. ग्लिटर म्हणजे तर अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचे बारीक कण. ते झाडूनही जात नाहीत, माझ्या काउंटरच्या फटीत गेल्या तीन वर्षांचे आहेत. थोडक्यात, ज्या वस्तूला भंगारात भाव होता तिला पर्यावरणाच्या नावानं सजवून आपण उकिरड्याच्या लायकीची करतो, आणि तिला प्रमाणपत्रही देतो.

थर्माकोलची कथा आणखी मजेची आहे. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रानं 2018 मध्ये बंदी आणली. पुढे 1 जुलै 2022 पासून देशभर सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकच्या आइस्क्रीम-काड्या, स्ट्रॉ, असं बरंच काही बंद झालं. त्यानंतरही प्रोजेक्टच्या दिवसांत कुणी ना कुणी काउंटरवर वाकून हळूच म्हणतंच, ‘‘वहिनी, आतनं काढून द्या की एक शीट.’’ विषय काय, तर ‘प्लास्टिकमुक्त शहर’.

बरं, आमच्या गावात खऱ्या भंगाराची टंचाई आहे का? हे गाव सुतावर उभं आहे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून खडखड सुरू आहे. सूत येतं ते कागदी कोनांवर गुंडाळून. सूत संपलं की पोत्यांनी कोन उरतात, टोकदार, हलके, निळे, गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांचे. एकात एक घातले की उंच मनोरा होतो, तोंडाला लावला की भोंगा, डोक्यावर ठेवला की विदूषक. रेपियर मागावर कापडाच्या कडेला सुताची झालर असलेली पट्टी कापली जाते, ती किलोवर विकतात. तिचा सिंहाच्या आयाळीला इतका छान उपयोग होतो की तसली आयाळ मला दुकानात ठेवता येणार नाही. लाकडी कांड्या आहेत. धोटे आहेत. जुने साधे माग मोडून लोक रेपियर, एअरजेट घेत आहेत आणि या मागांना धोटा लागतच नाही, तेव्हा पूर्वी जिवापाड जपलेले धोटे आता भंगारवाल्याच्या काट्यावर पडलेले दिसतात.

ज्यांनी धोटा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हातभर लांबीचा, गुळगुळीत कठीण लाकडाचा, दोन्ही टोकं निमुळती आणि त्यांवर पोलादी टोप्या. मधे लांबट पोकळी, तिच्यात सुतानं भरलेली कांडी बसते. मागावर हा इकडून तिकडे फेकला जातो आणि आपल्यामागे बाण्याचा धागा सोडत जातो. आमच्या गल्लीतल्या चौथीतल्या एका मुलानं असा एक धोटा कुठूनसा मिळवला आणि दुकानात येऊन विचारलं, ‘‘काकू, बारका दोरा हाय का, वल्ह्याला बांधायला?’’ त्याला ती होडी दिसली होती. कुणालाही दिसेल म्हणा, पण त्याची होडी पुरातली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली तेव्हा तो अगदी लहान, पण घरात ती गोष्ट वारंवार सांगितली जात असणार. पोकळीत त्यानं सोड्याच्या बाटल्यांची बुचं रांगेनं बसवली होती, ती माणसं. एका टोकाला बांगडीचा तुकडा, ती त्याची आजी. मागे मोठं बूच, ती म्हैस. म्हैस होडीत मावत नव्हती म्हणून दोऱ्यानं बांधून मागून ओढली होती. म्हैस होडीत कशी येईल, हा प्रश्न त्याला पडला आणि त्यानं तो सोडवला, हे मला त्या सगळ्या लॅम्पांपेक्षा मोठं वाटतं.

आणि त्या धोट्यामुळे आणखी एक झालं. मुलाचे आजोबा जुने मागवाले. पोरानं आणलेली वस्तू बघून ते बोलायला लागले. धोट्याच्या एका अंगाला बारीक भोक असतं, धागा त्यातून बाहेर काढायला पूर्वी तोंड लावून हवा आत ओढायची, धाग्याबरोबर सुताचा भुगाही तोंडात यायचा, ते सांगितलं. रात्रपाळीत डुलकी लागली आणि धोटा उडून शेजाऱ्याला लागला, ते सांगितलं. मुलगा ऐकत होता. दुकानातून नेलेल्या फोम शीटबद्दल कुठल्या आजोबांनी असं काय सांगावं?

असं हातात येईल त्यातून करून बघणं आपल्याकडे शाळेनं शिकवलेलंच नव्हतं. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच दगडानं ठेचून सपाट करायचं, खिळ्यानं मधोमध दोन भोकं पाडायची, त्यातून दोरा ओवून गाठ मारायची. दोन्ही हातांत दोऱ्याची टोकं धरून पीळ द्यायचा आणि ताणून सैल, ताणून सैल करत राहायचं. भिंगरी गुणगुणायला लागते. भोकं मधोमध नसतील तर ती थरथरते आणि दोरा तुटतो. हे कुणी सांगावं लागत नसे, दुसरं बूच शोधून भोकं पुन्हा पाडायची. काडेपेट्यांची आगगाडी, दोन रिकाम्या पेट्यांचा आणि दोऱ्याचा टेलिफोन, सायकलच्या टायरचा गाडा. यांतलं काही आम्ही ‘पर्यावरणपूरक’ म्हणून केलं नाही. विकतचं मिळत नव्हतं म्हणून केलं, ही खरी गोष्ट आहे आणि त्या गरिबीचं कौतुक मला सांगायचं नाही. मिळालं असतं तर आम्हीही चावीची मोटार घेतली असती.

घरातल्या मोठ्या बायकांचंही तेच. माझ्या सासूबाई रद्दी कागदाच्या टोपल्या करायच्या. कागद फाडून चार-पाच दिवस भिजत घालायचा, पाणी बदलत राहायचं, मग उखळात कुटायचा. भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात कालवायच्या आणि तो लगदा पालथ्या पातेल्यावर सारख्या जाडीनं थापायचा. वाळला की टोपली आपसूक सुटून येते. मेथीनं कीड लागत नाही असं त्या म्हणत. त्यांची एक टोपली अजून आमच्या माळ्यावर आहे, तिच्यात लसूण असतो. आणि दिवाळीचा किल्ला तर आपल्या प्रांतातलं भंगारकलेचं सगळ्यात मोठं प्रदर्शन. विटा, दगड, फाटकी पोती, त्यावर चिखलाचा लेप, हळीव नाही तर मोहरी पेरून उगवलेलं रान, आरशाच्या फुटक्या तुकड्याचा तलाव. मावळे तेवढे विकतचे. भांडणं कशावरून व्हायची? दरवाजा कुठल्या बाजूला, शत्रू कुठून येईल, पायऱ्या किती. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा, विटा जिथून आणल्या तिथे परत. आता प्लास्टरचा तयार किल्ला रस्त्याकडेला मिळतो. तो पुढच्या वर्षीही वापरता येतो, हा विकणाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे. फक्त त्यात शत्रू कुठून येईल ते आधीच ठरलेलं असतं.

भंगारातून मुलांना शिकवायचं कसं, याचा पुरावा शोधायला आपल्याला परदेशात जायला नको, पुण्यापर्यंत गेलं तरी पुरे. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत ट्रकच्या कारखान्यात नोकरीला होते. 1978 मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले, तिथे खेड्यांतल्या शाळांत विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालला होता. मुलांना परवडेल असं काय, याचा शोध घेताना त्यांना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सापडली. पुढे पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं अशी खेळणी केली आणि करायला शिकवली, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी कशी करायची ते इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतं. आमच्या यूट्यूबवाल्या पालकांनी बोट जरा दुसरीकडे दाबलं तर तेही दिसेल.

त्यातला एकच प्रयोग सांगते, कारण तो मी गिऱ्हाईक नसताना काउंटरवर करून दाखवते. काड्यांचं गुल काढून टाकायचं. व्हॉल्व्ह ट्यूब सायकलवाल्याकडे मिळते, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. एका तुकड्याच्या दोन तोंडांत दोन काड्या खुपसल्या की वळणारा सांधा तयार. तीन काड्या, तीन सांधे, झाला त्रिकोण. चार काड्या, चार सांधे, झाला चौकोन. आता दोन्ही बोटांनी दाबून बघा. चौकोन लगेच कलंडतो, पतंगासारखा तिरका होतो. त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. चौकोनाला आडवी तिरकी काडी मारली की तोही ताठ, कारण आता त्यात दोन त्रिकोण आहेत. एवढं हाताला कळल्यावर मुलांना म्हणते, जाताना कारखान्यात डोकावून पत्र्याखालची कैची बघून या. आणि खरंच, वर सगळे त्रिकोणच असतात. मागाच्या शेडमध्ये जन्मापासून राहणाऱ्या मुलानं ती कैची पहिल्यांदा पाहिली, असं झालेलं आहे. या सगळ्याला येणारा खर्च सांगायला मला संकोच वाटतो, आणि नफा तर काहीच नाही.

मोठ्या माणसांचं उदाहरण हवं असेल तर चंदीगडचे नेक चंद. रस्त्यांवर देखरेख करणारे सरकारी नोकर. नवं शहर वसवताना जी गावं पाडली गेली त्यांचा राडारोडा, फुटकी कपबशी, बांगड्या, विजेची मोडकी सामग्री सायकलवरून नेऊन त्यांनी जंगलात चोरून मूर्तींचं अख्खं राज्य उभं केलं. 1976 मध्ये ते रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं. मला त्यात आवडतं ते असं की ते भंगार चंदीगडचंच होतं. कोकणातल्या शाळेत करवंट्या आणि सुपारीच्या विऱ्या हव्यात, कोल्हापुरात चप्पलवाल्यांकडची कातड्याची कात्रणं, आमच्याकडे कोन. सगळ्या महाराष्ट्रातल्या मुलांचा तोच एक लॅम्प कशासाठी?

विकतच्या कागदावर माझा राग नाही, गैरसमज नको. घोटीव कागदाचं कातरकाम, क्रेपची फुलं, कार्डशीटचा आकाशकंदील, हे सगळं करावं. चांगला रंग, चांगला कागद हाताळायला मिळणं हा मुलांचा हक्कच आहे. तेव्हा यादी द्या, पैसे खर्च करा आणि त्याला कागदकाम म्हणा. नव्या वस्तू आणून त्यांना कचऱ्याचं सोंग द्यायला मुलांना शिकवू नका, एवढंच.

शिक्षकांची बाजू मी रोज ऐकते, कारण लाल पेनं ते माझ्याकडूनच नेतात. पन्नास-साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, कात्र्या सहा. चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक बऱ्याच शाळांत नाहीच. हे खरं आहे, आणि ते सरकारला विचारायला हवं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला, शंभराच्या वर पट असेल तर, कला आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचे असं लिहिलेलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याच वर्गांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्याचे सांगितले आहेत. ते दहा दिवस सहलीत आणि भाषणात घालवण्यापेक्षा त्यातले दोन भंगाराला द्या. कारागीर म्हणून माग दुरुस्त करणारा एखादा निवृत्त जॉबर बोलवा, गोधडी शिवणारी आजी बोलवा. भंगारवाल्या मामांनाही बोलवा, कुठलं प्लास्टिक कुठलं हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

सोय फार लागत नाही. वर्गाच्या कोपऱ्यात दोन मोठी खोकी, त्यात वर्षभर जमेल ते पडू द्यावं, आणि ते घरोघरी मागण्यापेक्षा कारखान्यांतून, दुकानांतून आणावं; मी रोज खोकी फोडते, हवी तेवढी न्या. गंजका पत्रा, काच, सुया, औषधाच्या बाटल्या येता कामा नयेत. ट्यूबलाइट तर मुळीच नाही, तिच्यात पारा असतो. चिकटवणं कमीत कमी. भोक पाडा, दोरी ओवा, पुठ्ठ्याला खाच देऊन पुठ्ठ्यात पुठ्ठा अडकवा, तार पिळा. चिकटवायचंच असेल तर मैद्याची खळ करा, साधी, मोरचूद न घालता, कारण बोटं तोंडात जाणारच. दाभण मोठ्यांच्या हातात राहील एवढं बघा. मुलं जे करतील ते वाकडं होईल, निम्मं मोडेल, आणि ‘हे काय आहे’ असं पालक विचारतील. नंबर काढू नका. प्रदर्शन मांडायचंच असेल तर प्रत्येक वस्तूशेजारी ते करणारं पोर उभं करा, म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर मिळेल आणि वस्तू कोणी केली तेही कळेल.

आणि प्रदर्शन संपलं की सगळं मुलांनीच सोडवावं. गाठी सोडायच्या, तार सरळ करायची, पुठ्ठा एकीकडे, बुचं एकीकडे, सुतळी गुंडाळून पुन्हा खोक्यात. ज्याचा जीव एखाद्या वस्तूत अडकला असेल त्यानं ती घरी न्यावी, त्याला कुणी अडवू नये. धोट्याची होडी मीही मोडू दिली नसती. बाकीच्यासाठी मामांना हातगाडीसकट पटांगणात बोलवा आणि काटा मुलांसमोर लावा. वजन मुलांनी वाचावं, भाव मुलांनी विचारावा, हिशेब मुलांनी करावा. पैसे थोडेच येतील. त्यातून काय आणायचं ते त्या वर्गानं ठरवावं. सुतळी ठरलीच, तर माझ्याकडे ती गुंडीपेक्षा किलोवर स्वस्त पडते.